भाठ्यावरचे साहेब

ताकभात संपत आला असताना शेखर खडतकरांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवर एक ओळ लिहिली आणि पाठवून दिली. ओळ साधीच होती: "आम्हीपण या रविवारी माउंटन बायकिंगला चाललो." एवढ्या एका ओळीपायी पुढे एका गावात धावपळ उडाली, एक सुशिक्षित माणूस गोठ्यात बसवला गेला आणि सरकारचा एक रस्ता काही वर्षं लांबला. पण तेव्हा हे कोणाला माहीत असणार? शेखररावांना त्या क्षणी ताकात मीठ कमी आहे एवढंच कळत होतं.

ओळ लिहायला कारण झाला तो त्यांचा साडू. अभिनव नागपूरला राहतो. मंजिरीच्या, म्हणजे शेखररावांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. कमावतो चांगलं, दिसतो चांगला, आणि हे दोन गुन्हे कमी पडतात म्हणून वर सायकलही चालवतो. त्या दिवशी त्याने घरच्या ग्रुपवर स्वतःचा फोटो टाकला होता. मागे बर्फाचे डोंगर, पुढे सायकल, मध्ये अभिनव, आणि खाली लिहिलेलं, 'स्वतःच्या शोधात'. एवढ्या लांब जाऊन शोधावं असं त्याच्यात काय हरवलं होतं, ते शेखररावांना कळेना. (त्यांना स्वतःला शोधायची वेळ कधी आली नव्हती. ते कायम टेबलाशीच सापडत.)

हे टेबल नव्या रायपुरातल्या एका सरकारी खात्यात होतं. खात्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते खातं नेमकं काय करतं हे शेखररावांनाही नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर समजलं होतं. जुन्या रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरातून सकाळी ऑफिसच्या बसने जायचं आणि संध्याकाळी तिनेच परत यायचं. त्या बसच्या खिडकीतून त्यांना अलीकडे एक पाटी दिसायची: 'डेझर्ट लूप, नवशिक्यांसाठी सोपा सायकल ट्रेल'.

रायपुरात वाळवंट नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रायपुरात तलाव आहेत, धानाची शेतं आहेत, पावसाळ्यात तर काही घरांतही तलाव असतात. पण नव्या रायपुरापलीकडे भाठा आहे, म्हणजे लाल मुरमाची उघडीबोडकी माळजमीन, जिथे गवतसुद्धा विचार करून उगवतं. एका सायकल क्लबाने तिथल्या बाभळी-बोरींमधून एक गोल वाट आखली, आणि 'भाठा' म्हटलं तर कुत्रं फिरकणार नाही म्हणून तिला डेझर्ट म्हटलं.

"तुम्ही चाललेत?" समोर बसलेल्या मंजिरीने आपल्या फोनवर ती ओळ वाचून विचारलं.

"हव."

"सायकलवर?"

"नाही, हत्तीवर. बायकिंग म्हणजे सायकलच असते."

"नाही, मागे मी म्हटलं शाळेत जायले सायकल घेते, तर तुम्ही म्हणाले सदर बाजारातून सायकलने जाणं म्हणजे जीव द्यायचं काम. म्हणून विचारलं."

मंजिरी शाळेत शिकवत असल्यामुळे तिला लोकांची जुनी उत्तरं लक्षात ठेवायची वाईट सवय होती.

"ते वेगळं," शेखरराव म्हणाले. "ती वापराची सायकल. हे स्पोर्ट्स आहे."

शांताबाई, म्हणजे शेखररावांच्या मातोश्री, आतापर्यंत निमूट जेवत होत्या. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि सुनेला सांगितलं, "याले सायकल शिकवाले याचा बाप सायकलमांगं पयत होता. सगळा उन्हाळा पयला. बाप वाळून गेला, पन याले सायकल काही आली नाही."

"आई, मले सायकल येते."

"येते ना. अंगावर येते."

तोवर ग्रुपवर अंगठे, टाळ्या आणि 'वाव जिजाजी' असं सगळं जमा झालं होतं. सगळ्यात खाली मेहुणीचा, पूर्णिमाचा, निरोप होता: आम्ही शनिवारी एका लग्नाला रायपुरातच आहोत, अभिनव म्हणतो रविवारी तुमच्यासोबतच जाऊ, मी तिघांचं बुकिंग करून टाकलं. नंतर हसरे चेहरे. शेखररावांना वाटलं, हे चेहरे आपल्याचकडे बघून हसताहेत.

आठवडाभरात सराव करता आला असता. पण सराव केला की आपल्याला येत नाही हे चारचौघांत जाहीर होतं, आणि ब्राह्मणपाऱ्यात चारचौघं पहाटेपासून ओट्यावर हजर असतात. म्हणून शेखररावांनी तयारीचा दुसरा, जास्त भारतीय मार्ग पत्करला. त्यांनी सामान आणलं. हातमोजे आणले, काळा चष्मा आणला, आणि बुडाला जाड गादी शिवलेली सायकलवाल्यांची घट्ट तुमान आणली. ती घालून ते बैठकीत आले तेव्हा शांताबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मुलाकडे पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि मेथीची जुडी खाली ठेवली.

"शेखर, तुले काही होऊन राहिलं काय? सांगत काहून नाही? लंगोट बांधाची पाळी आली तुह्यावर."

रविवारी सकाळी सगळे भाठ्यावर पोचले. क्लबचा तंबू होता, भाड्याच्या सायकली ओळीने उभ्या होत्या, आणि पोहे-जिलबी होती. (नवशिक्यांच्या ट्रेलमध्ये शेखररावांना मनापासून पटलेला हा एकच भाग.) अभिनव आपली सायकल नागपूरहून गाडीच्या टपावर बांधून घेऊन आला होता, कारण भाड्याच्या सायकलीवर त्याला म्हणे स्वतःसारखं वाटत नाही. पूर्णिमा मात्र लंगडत उतरली. आदल्या दिवशी वरातीत नाचताना तिचा पाय मुरगळला होता.

"माझ्या जागी ताई जाईन," ती म्हणाली.

"ती?" शेखरराव हसले. "तिला कुठे येते?"

मंजिरीने तोवर ओढणी कमरेला बांधली होती. तिने एक सायकल निवडली, सीट आपल्या उंचीइतकी खाली केली, टांग टाकली आणि तंबूला एक फेरी मारून येऊन थांबली.

"गोंदियाले कॉलेजात सायकलनेच जात होते," ती म्हणाली.

"कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलं?"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोबद्दल नवीन माहिती मिळणं शेखररावांना बरं वाटलं नाही. आता एक तर साडू पुढे जाणार हे ठरलेलंच होतं, त्यात बायको पुढे गेली तर संध्याकाळपर्यंत ग्रुपवर काय काय येईल याचा त्यांनी अंदाज केला. अंदाज त्यांना पटला. त्यांनी सगळ्यांच्या आधी निघायचं ठरवलं.

क्लबची सोनिया नावाची मुलगी सूचना देत होती. सगळ्यांना हेल्मेट दिली, चमकणारी पिवळी जाकिटं दिली. "एकदम ईज़ी है," ती म्हणाली. "बच्चे भी कर लेते हैं. बस पत्थर पर हरा निशान देखते जाना है. अंकल, आप समझे ना? हरा."

"समझ गया," अंकल म्हणाले. बाकी कोणालाही तिने वेगळं विचारलं नव्हतं.

अभिनव हेल्मेटवर कॅमेरा बसवत होता, मंजिरी बहिणीला सावलीत बसवून देत होती. शेखररावांनी संधी साधली आणि पॅडल मारलं. पहिला चढ त्यांनी उतरून पार केला, दुसरा चढही उतरूनच पार केला. उतारावर मात्र त्यांना उतरायला वेळ मिळाला नाही. सायकलला गिअर भरपूर होते आणि प्रत्येक गिअर आधीच्यापेक्षा जड होता. सूर्य नुकताच वर आला होता, पण भाठ्यावर त्याला अडवायला कोणी नसल्यामुळे तो सरळ शेखररावांवरच येत होता. तरी मागे वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. आपण पुढे आहोत. आयुष्यात पहिल्यांदा खडतकर पुढे होते.

याच आनंदात ते एका फाट्याशी आले. उजवीकडे एका बारक्या दगडावर बोटभर हिरवा बाण होता. समोर बाभळीच्या बुंध्यावर मात्र चांगली पंजाएवढी हिरवी फुली होती. शेखरराव सरकारी माणूस. बारीक अक्षरातलं खोटं आणि मोठ्या अक्षरातलं खरं, या तत्त्वावर त्यांची नोकरी चालली होती. ते फुलीमागे गेले.

पुढे फुल्यांना काही तोटा नव्हता. एका खांबावर फुली, एका बांधावर फुली, विहिरीच्या कठड्यावर फुली. सोय चांगली ठेवली आहे, असं मनात म्हणेपर्यंत उतार लागला. उताराच्या टोकाशी एक गाव होतं, गावाच्या तोंडाशी एक गोठा होता आणि गोठ्याच्या भिंतीवर सगळ्यात मोठी फुली होती. शेखररावांनी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबली. ते थांबले नाहीत. ते हँडलवरून पुढे जाऊन गोठ्यालगतच्या पैऱ्याच्या ढिगात, म्हणजे धानाच्या वाळल्या गवतात, पडले, आणि मागून आलेल्या सायकलने भिंतीला धडक देऊन पुढच्या चाकाचा आठाचा आकडा करून घेतला. आतल्या गाईने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

"कोन ए?" गोठ्यामागून एक म्हातारी आली. तिचं नाव कुसुमबाई. पाठोपाठ आणखी माणसं आली. पैऱ्यातून हेल्मेट, काळा चष्मा आणि पिवळं जाकीट घातलेला माणूस उठून उभा राहिलेला पाहिल्यावर सगळे जागच्या जागी थांबले. फुल्या मारणारे लोक याच वेषात आले होते.

शेखररावांना लागलं कमी होतं आणि लाज जास्त वाटली होती. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते चिडले.

"ये हरा निशान यहाँ किसने लगाया?"

"तुंहरे मन लगाय हव, साहेब," एक पागोटेवाले गृहस्थ भीतभीत म्हणाले. म्हणजे तुम्हीच लोकांनी.

"गलत लगाया है. बिलकुल गलत जगह लगाया है. इसका कोई मतलब ही नहीं."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुसुमबाई पुढे आली. "त मोर कोठा नइ टूटय, साहेब?"

कोठा म्हणजे गोठा, एवढं शेखररावांना येत होतं. त्यांना वाटलं, म्हातारी सायकलच्या धडकेबद्दल विचारते आहे. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीचं काही बिघडलं नव्हतं, बिघडलं होतं ते चाकाचं.

"क्यों टूटेगा? कुछ नहीं होगा कोठे को. मैं बोल रहा हूँ ना. और ये निशान मिटाओ पहले. नहीं तो मेरे जैसे और आएँगे."

हे शेवटचं वाक्य गावाला फार लागलं. यांच्यासारखे आणखी येणार, ही कल्पना कोणालाच आवडली नाही. पण कुसुमबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने पदराने खाटेवरची धूळ झटकली. "बइठव साहेब. चाहा पीहू?"

शेखरराव खाटेवर बसले. चहा आला, गार पाणी आलं, तांदळाच्या पिठाचे गरम चीले आणि पाट्यावर वाटलेली टोमॅटोची चटणी आली. पंख्याने वारा घालणारा एक माणूसही आपोआप तयार झाला. पहिला चीला संपेपर्यंत पागोटेवाल्यांनी सविस्तर सांगितलं, की इथून मोठी सडक निघणार म्हणून सडकवाले येऊन फुल्या मारून गेले, आणि तेव्हापासून कुसुमबाईचा डोळ्याला डोळा लागलेला नाही, कारण घरातलं दूधदुभतं तेवढ्या एका गाईवर आहे.

शेखररावांचा दुसरा चीला हातातच राहिला. ही सडक त्यांना माहीत होती. ती त्यांच्याच खात्याची होती. आता खरं म्हणजे उठून सांगायला हवं होतं, की बाबांनो, मी साहेब नाही, मी चुकलेला सायकलवाला आहे. पण वारा घालणारा माणूस वारा घालत होता. ऑफिसात शेखररावांना पंख्याचं बटणसुद्धा दुसऱ्याला विचारून दाबावं लागे. आणि चीला गरम होता. त्यांनी मनाशी म्हटलं, आधी हा संपवू, मग सांगू. मग तिसरा आला.

तेवढ्यात बादली आली. तिच्यात छुही कालवलेली होती, घराला पोतारा देतात ती पांढरी माती. लोकांनी कुंचला शेखररावांच्या हातात दिला आणि पहिला हात साहेबांचाच हवा असं सांगितलं. नोकरीत त्यांनी उद्घाटनांच्या पत्रिका हजार वाटल्या होत्या, उद्घाटन एकही केलं नव्हतं. ते उठले. गोठ्याच्या भिंतीवरची फुली त्यांनी दोन फटकाऱ्यांत पांढरी केली. टाळ्या झाल्या. कुसुमबाई त्यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा मात्र ते दचकून मागे सरले आणि "अरे, नहीं नहीं, माताजी," असं काहीतरी पुटपुटले. तेवढा एक क्षण त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली.

"जम्मो हरियर निशान मिटा देबो," पागोटेवाले म्हणाले. सगळी हिरवी निशाणं पुसून टाकू. बायामाणसं बादल्या घेऊन भाठ्यावर निघालीसुद्धा.

तासाभराच्या पाहुणचारानंतर शेखररावांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोडक्या सायकलसकट बसवून परत पाठवण्यात आलं. बसायला पैरा अंथरला होता. वाटेत त्यांनी पाहिलं, बाभळीवर पांढरा फटकारा. बरोबर आहे. खांबावर पांढरा फटकारा. ठीक. मग फाटा आला, आणि त्या बारक्या दगडावरही पांढरा फटकारा. त्याच्या पुढच्या दगडावरही. त्याच्याही पुढच्या. जिथवर नजर जाईल तिथवर क्लबचा सगळा ट्रेल पांढराशुभ्र झाला होता. गावकऱ्यांनी हिरव्या रंगात भेदभाव केला नव्हता.

तंबूशी पोचले तर तिथे हलकल्लोळ. लोक इकडून तिकडे पळताहेत, सोनिया दोन फोनवर एकदम बोलते आहे, पूर्णिमा खुर्चीत डोळे पुसते आहे. आपल्यासाठी लोक एवढे व्याकूळ होतील असं शेखररावांना वाटलं नव्हतं. ते ट्रॉलीतून सावकाश उतरले, हात वर केला आणि म्हणाले, "घबराइए मत. मैं आ गया हूँ. बिलकुल ठीक हूँ."

"अंकल, ज़रा साइड," सोनिया म्हणाली. "जीप निकलने दीजिए."

हरवला होता तो अभिनव. पहिली फेरी त्याने चुटकीसरशी मारली आणि अजून अंग गरम झालं नाही म्हणून दुसरीला गेला, तो परत आलाच नव्हता. फोन लागत नव्हता.

मंजिरी केव्हाच फेरी पुरी करून आली होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती कॉलेजात असल्यासारखी दिसत होती.

"तुम्ही कुठे होते?" तिने विचारलं.

"म्हणजे? तुला काळजी नाही वाटली?"

"मले वाटलं गाडीत झोपले असाल."

शेखरराव यावर काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलणार होते, पण तेवढ्यात ट्रॅक्टरवाला कानाला फोन लावून अदबीने जवळ आला. "साहेब, गाँव ले फोन हे. तुंहर कस अउ एक झन आ गे हे. धर के बइठाय हन."

"काय म्हणून राहिला तो?" शेखररावांनी बायकोला विचारलं, जरी त्यांना समजलं होतं.

शाळेतल्या पोरांमुळे मंजिरीला छत्तीसगढी उत्तम येत होती. "तो म्हणते, तुमच्यासारखा आणखी एक आला, त्याले धरून बसवला." ती थांबली. "साहेब कोण?"

शेखररावांनी हात मागे घेतले. उशीर झाला होता. मंजिरीने त्यांच्या बोटांवर वाळलेली पांढरी माती पाहिली, मग पलीकडच्या पांढऱ्या दगडांकडे पाहिलं. तिने काही विचारलं नाही. न विचारण्याचा तिचा हा प्रकार शेखररावांना चांगला ओळखीचा होता, आणि त्यापुढे ते कधीच टिकले नव्हते. ट्रॅक्टरच्या चाकाआड उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. चीले वगळले.

"त्या बाईले तुम्ही सांगितलं गोठा नाही तुटणार?" मंजिरीने विचारलं.

"हव."

"तुटणार आहे?"

"आहे बहुतेक."

"मग आता तो कसा नाही तुटणार ते तुम्ही पाहाचं," ती म्हणाली. "आणि मी उद्याच सायकल घेऊन राहिली. शाळेत जायले. सदर बाजारातून."

शेखररावांनी मान हलवली. मान हलवताना कमरेतही कळ आली.

जीप भाठ्यावर गोल गोल फिरत राहिली आणि हे दोघं गावात पोचले, मंजिरी सायकलवर पुढे आणि शेखरराव ट्रॉलीत मागे. अभिनव गोठ्यात होता. हिरवं निशाण दिसेना तेव्हा त्याने हुशारीने ताडलं, की क्लबाने रंग बदलून पांढरा केला असणार, आणि पांढऱ्यामागे पांढरं धरून तो थेट इथे आला. तेच हेल्मेट, तेच पिवळं जाकीट. 'मेरे जैसे और आएँगे' हे गावाने ऐकून ठेवलेलंच होतं. त्याला कोणी बोटही लावलं नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं, चहा दिला होता, फक्त दारात काठ्या घेऊन चार जण उभे होते. गाय त्याचं हेल्मेट चाटत होती, आणि वर बसवलेला कॅमेरा ते सगळं टिपून घेत होता.

"शेखरभाऊ," अभिनव खुर्चीवरूनच ओरडला. "यांना सांगा हो, मी सायकलिस्ट आहे."

शेखररावांना पाहताच काठ्या खाली झाल्या आणि चारही जणांनी हात जोडले. अभिनव बघतच राहिला. शेखररावांनी चष्मा चढवला. हा क्षण परत येणार नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"छोड़ दो. अपना ही आदमी है."

"ए ह फेर निशान त नइ लगाही?" कुसुमबाईने विचारलं.

"नहीं लगाएगा, माताजी," शेखरराव म्हणाले. "इसको कुछ आता ही नहीं."

परतीच्या वाटेवर ट्रॉलीत अभिनवने तीनदा विचारलं, की या लोकांनी तुम्हाला नमस्कार काहून केला. शेखरराव दूर भाठ्याकडे पाहत "ओळख आहे थोडी," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून अभिनवने ग्रुपवर सायकलचा फोटो टाकलेला नाही. शेखररावांच्या मते, त्याला स्वतःचा शोध लागला होता.

सोमवारी ऑफिसात लता मॅडमनी त्यांना आत बोलावलं. मॅडम त्यांच्या वरिष्ठ.

"शेखर जी, अजीब मामला है. सड़क वाले गाँव में कोई फर्जी साहब घुस आया था. हमारे सारे निशान मिटवा दिए."

"फर्जी?" शेखररावांनी विचारलं.

"जाँच आप कीजिए. आप पर किसी को शक भी नहीं होगा, आप इतने... शांत आदमी हैं."

"गाँव वाले क्या बोलते हैं?"

"वो तो कुछ बताते ही नहीं. बस, बहुत भले साहब थे. लेकिन पटवारी उधर से गुज़र रहा था, उसने देखा है. बोला, साठ-बासठ साल का आदमी, पेट निकला हुआ. कपड़े कैसे थे, वो बताते हुए शर्मा गया."

शेखररावांना पन्नाशी अजून लागायची होती. तोंडापर्यंत आलेली दुरुस्ती त्यांनी मोठ्या कष्टाने गिळली.

चौकशी त्यांनी फार कसून केली. फर्जी साहेबाचा मागमूस लागत नाही, आणि जुनी निशाणं उरलेली नसल्यामुळे मोजणी पहिल्यापासून नव्याने करणं भाग आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आता नवी मोजणी म्हणजे आधी तिची मंजुरी, मग मंजुरीवर हरकत, मग हरकतीवर बैठक. हे सगळं होईतो कुसुमबाईची गायच नाही, तर तिची कालवडसुद्धा त्या गोठ्यात म्हातारी होईल, याची शेखररावांना खात्री होती. खात्याचा त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच अभिमान वाटला.

पण ते साठ-बासठ काही डोक्यातून जाईना. संध्याकाळी मंजिरी नवी सायकल घेऊन एक चक्कर मारायला गेली होती, तेव्हा आरशासमोर बराच वेळ उभं राहून शेवटी ते आईपाशी जाऊन बसले.

"आई, मी साठीचा दिसतो काय?"

शांताबाईंनी पोथीतून डोकं वर केलं. "कोनं म्हटलं?"

"म्हटलं एकानं. पाहून."

शांताबाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मुलाकडे चांगलं निरखून पाहिलं.

"दुरून पाह्यलं असन त्यानं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पोथीत गेल्या.